तिसरीत जाणारी मुलगी, सीपी, आणि शाळेचा आराखडा: सही करण्याआधी काय मागू?

कोरीपाटी

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून लिहिते आहे.

मुलगी आठ वर्षांची, आता तिसरीत जाईल. सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम) आहे, स्पॅस्टिक डायप्लेजिया. दोन्ही पाय ताठ, डावा हात थोडा मागे, उजवा बरा. दोन्ही पायांना एएफओ (घोट्याला आणि पावलाला आधार देणारे ब्रेस). घरात आणि वर्गात वॉकर, लांब जायचं तर व्हीलचेअर. बोलणं स्पष्ट आहे, एकदा सुरू झाली की आवरावं लागतं. वाचन वयाच्या पुढे. लिहिणं मात्र फार हळू. फळ्यावरच्या पाचातल्या दोन ओळी उतरतात तोवर फळा पुसलेला असतो.

शाळेने नव्या वर्षाचा आराखडा दिलाय आणि सही मागितली आहे. आठवड्यातून दोनदा वर्गातून बाहेर नेऊन रिसोर्स रूममध्ये फिजिओ, दिवसभर तिच्या बाकाशेजारी मदतनीस, आणि "लेखनकाम निम्मे". नवऱ्याचं म्हणणं, दोनाचे चार तास मागू, बाकी ठीक आहे. मला काहीतरी खटकतंय, पण काय ते नेमकं सांगता येत नाहीये. शाळेतली माणसं चांगली आहेत, त्यामुळे भांडायचंही नाहीये.

आणखी दोन गोष्टी, संबंध असेल-नसेल. घरी आली की बराच वेळ कुणाशी बोलत नाही, आडवी पडून राहते. आणि पाण्याची बाटली सकाळी भरून देते तशीच परत येते.

जाणकारांनी सांगा, काय मागायचं?

सहज_आलो

तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. तास वाढवून घ्याच. माझ्या भाच्याच्या वेळी हाच अनुभव, एकदा सही झाली की वर्षभर कुणी विचारत नाही. जे मिळतंय ते आधी पदरात पाडून घ्या, बाकीचं नंतर बघता येईल.

विशेषबाई

ताई, मी विशेष शिक्षिका. सीपी, स्पायना बायफिडा (जन्मतः कण्यातला दोष), मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू झिजत जाण्याचा आजार), ठिसूळ हाडांची मुलं, अशांच्या वर्गावर्गातून फिरण्यातच माझी नोकरी चालली आहे. उत्तर लांबणार, सवडीने वाचा.

आधी बाटली. तुमच्या लिहिण्यातली सगळ्यात कामाची ओळ ती आहे आणि तुम्ही ती जाता जाता टाकलीत. चालायला अडचण असलेलं मूल शाळेत पाणी पीत नसेल तर मी पहिल्यांदा स्वच्छतागृह बघायला जाते. वॉकर आत वळतो का? दार आत उघडतं की बाहेर? भिंतीला धरायला दांडी आहे का, आणि ती तिच्या हाताच्या उंचीवर आहे का? एएफओ घातलेले असताना कपडे खाली-वर करायला कोण मदत करतं? त्या व्यक्तीला बोलवायचं म्हणजे भर वर्गात हात वर करून सांगावं लागतं का? आठ वर्षांची मुलगी हा सगळा हिशोब मनातल्या मनात करते आणि पाणीच पीत नाही. सीपीच्या मुलांना बद्धकोष्ठाचा त्रास मुळातच जास्त असतो, पाणी तोडलं की तो वाढतो, पोट दुखायला लागलं की स्नायू आणखी ताठ होतात, आणि मग प्रगतिपुस्तकात शेरा येतो: "दुपारनंतर लक्ष नसते." लघवीच्या संसर्गाची भीती वेगळीच. तेव्हा आराखड्यात पहिली ओळ ही हवी: जायच्या ठरलेल्या वेळा, मदतीला ठरलेली एक बाई, बंद दार, आणि वर्गासमोर विचारणा नाही.

आता आडवं पडून राहणं. ताठ पायांनी वॉकर घेऊन चालणाऱ्या मुलाला तेवढ्याच अंतराला इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त शक्ती लागते. बाकावर न कलंडता बसून राहणं हेही तिच्यासाठी कामच आहे, बाकीच्या मुलांना ते काम वाटतच नाही. थोडक्यात, तिच्याकडे दिवसाची शक्ती मोजकी आहे आणि ती कशावर खर्च व्हावी हे कुणीतरी ठरवायला हवं. माझ्या लेखी आराखडा म्हणजे एवढंच. थेरपीचे तास हा त्यातला एक कोपरा. तुम्हाला खटकतंय ते बहुधा हेच, की शाळेच्या कागदात तास आहेत, माणूस आहे, निम्मं काम आहे, पण मुलीचा दिवस कुठेच नाही.

म्हणून सही करण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि शाळेचा एक दिवस लिहून काढा. फाटकातून वर्गापर्यंत. दप्तर उघडून वही काढणं. फळा. तास बदलताना खोली बदलते का. मधली सुट्टी. खेळाचा तास. घरी निघणं. प्रत्येक ठिकाणी बाकीची मुलं काय करतात, ती काय करते, कुठे अडतं. सहायक साधनांच्या क्षेत्रात जॉय झबाला यांची एक विचारपद्धत फार वापरली जाते: आधी विद्यार्थी, मग परिसर, मग त्याने करायचं काम, आणि सगळ्यात शेवटी साधन. शाळा हटकून उलट्या टोकाने सुरू करतात. आधी खुर्ची येते, टॅब येतो, मदतनीस येते, आणि ते सगळं कशासाठी हे नंतर शोधलं जातं.

या कागदावर तुम्हाला दिसेल की अर्ध्या अडचणींना थेरपीची गरजच नाही. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर वर्ग खाली आणायचा. रोज उचलून नेण्याची "व्यवस्था" ही मी व्यवस्था धरत नाही. पुस्तकांचा एक संच घरी, एक शाळेत, म्हणजे दप्तराचं ओझं संपलं. तिची जागा दारापासून वाटेत खांब-पाय न येता गाठता येईल अशी. कामं सोपी, जवळजवळ फुकटात होणारी आहेत, फक्त कुणी लिहून ठेवलेली नसतात.

थेरपीबद्दल. पहिला प्रश्न विचारा की ते दोन तास कुठल्या तासिकेतून कापणार. गणित-भाषा कापायला कुणी धजत नाही, मग चित्रकला, संगीत, खेळ जातात. म्हणजे ज्या तासांत मुलं एकमेकांशी बोलतात नेमके तेच. दुसरा प्रश्न, त्या तासांचं उद्दिष्ट काय. "पोटऱ्यांचे स्ट्रेचिंग" हे शाळेच्या आराखड्यातलं उद्दिष्ट होऊ शकत नाही. स्ट्रेचिंग हवंच, पण ते तुमच्या फिजिओच्या आणि घरच्या वेळापत्रकात. शाळेतल्या फिजिओने शाळेतलं काम सोपं करायचं: वॉकरवरून खुर्चीत स्वतःहून बसणं, वाचनालयात जाऊन पुस्तक घेऊन येणं, गोष्टीच्या तासाला स्टँडिंग फ्रेममध्ये (उभं राहायला आधार देणाऱ्या चौकटीत) उभं राहून ऐकणं. त्यासाठी फिजिओने वर्गात यावं, आणि वर्गशिक्षकांना उठवण्या-बसवण्याची योग्य पद्धत शिकवावी. तसे दोन तास मिळाले तर ते बाहेरच्या चारांपेक्षा मला जास्त पटतील.

सहज_आलो, तुमची भीती खरी आहे, सही झाली की सगळे विसरतात. पण त्यावर उपाय तास वाढवणं नाही, मध्येच फेरआढावा घ्यायची तारीख कागदावर घालून घेणं हा आहे.

एक कटू गोष्टही सांगते. सीपीच्या हालचालींसाठी जीएमएफसीएस म्हणून पाच स्तर आहेत (पहिला सगळ्यात सौम्य), १९९७ साली आले, २००७ मध्ये सुधारून अठरा वर्षांपर्यंत वाढवले. तुम्ही लिहिलंय त्यावरून मुलगी तिसऱ्या स्तरात असेल, नक्की तुमचे डॉक्टर सांगतील. हे स्तर या वयानंतर सहसा फारसे बदलत नाहीत. थेरपीने मूल आहे त्या स्तरात जास्त चांगलं, कमी त्रासात जगतं. तेव्हा तास दुप्पट केले की वॉकर सुटेल, असं मनात असेल तर त्या आशेवर तिचा चित्रकलेचा तास देऊ नका. मेंदूतली इजा वाढत नाही, पण हाडं भराभर लांबतात तेव्हा ताठ स्नायू मागे पडतात आणि खुब्यावर ताण येतो. खुब्याचे एक्सरे डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच काढत जा, आणि उंची एकदम वाढली की खुर्ची-टेबलाची मापं पुन्हा घ्या.

इथे वाचणाऱ्या इतरांसाठी कंसातली सूचना: हे सगळं सीपीचं आहे, उचलून दुसऱ्या मुलाला लावू नका. ड्यूशेन या मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या प्रकारात स्नायू उत्तरोत्तर अशक्त होतात, तिथे मुलाला दमवणारा व्यायाम नुकसान करतो आणि आराखडा पुढच्या वर्षीची अवस्था धरून करावा लागतो. स्पायना बायफिडाच्या मुलाच्या डोक्यात शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी) असेल आणि डोकेदुखी, उलटी, गुंगी दिसली तर त्याला शाळेत झोपवून ठेवायचं नाही, लगेच पालक आणि रुग्णालय. हे वर्गशिक्षकांना तोंडपाठ हवं.

राहिलं "लेखनकाम निम्मे". मला हे दोन शब्द अजिबात आवडत नाहीत. दहा गणितांऐवजी पाच, त्याच प्रकारची, ठीक आहे. पण निबंध निम्मा म्हणजे काय? विचार निम्मा करायचा? अक्षर काढण्यातच सगळं लक्ष गेलं की वाक्याला काही उरत नाही. अशी मुलं काय करतात माहितीये? तोंडाने "प्रचंड" म्हणतात आणि वहीत "मोठा" लिहितात, कारण तो लवकर संपतो. वही वाचणाऱ्या बाईंना वाटतं, शब्दसंपत्ती कमी आहे. प्रत्येक कामात विचारायला लावा, इथे तपासायचं काय आहे, अक्षर की विचार? विचार असेल तर तोंडी उत्तर, लेखनिक, टायपिंग, काहीही चालेल. फळ्यावरून उतरवणं तर पूर्ण बंद. छापील कागद द्या.

कोरीपाटी

विशेषबाई, आभार मानायला शब्द नाहीत. तिला आज नीट विचारलं. बाईंना सगळ्यांसमोर सांगावं लागतं, मग मुलं वळून बघतात, म्हणून ती जातच नाही. एवढे दिवस मला वाटत होतं शाळेतलं पाणी आवडत नसेल. आणि हो, फिजिओचा एक तास चित्रकलेवरच आहे!

टायपिंगबद्दल जरा सांगाल का कुणी? मराठी टायपिंग तिला झेपेल का? डावा हात मागे आहे म्हणून विचारते. आणि मोबाइलवर बोलून टाइप होतं, तेच का नको?

ओटीवाली

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी), म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी. टायपिंगच्या आधी एक विनंती, तिची खुर्ची बघा. पाय जमिनीला किंवा पायपाटाला पूर्ण टेकलेले हवेत, लोंबकळते नाहीत. पार्श्वभाग मागे टेकलेला, गुडघे साधारण काटकोनात, टेबल कोपराच्या उंचीला. कंबरेचं बसणं पक्कं नसेल तर ती एका हाताने टेबल धरून स्वतःला सावरत असते आणि उरलेल्या हाताने लिहीत असते. मग आपण म्हणतो, हात हळू आहे. हात हळू नसतो, तो दुसऱ्याच कामात गुंतलेला असतो. टेबलावर तिरपी फळी, वहीखाली न सरकणारी चटई, एवढ्यानेही लिहिण्यात फरक पडताना मी पाहिला आहे.

आता कीबोर्ड. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या कीबोर्ड मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या बाजूला, बहुतेक व्यंजनं उजव्या बाजूला. तत्त्वतः दोन्ही हात आळीपाळीने चालतात, म्हणून सरावलेल्या माणसाला ते वेगवान वाटतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत मात्र सगळ्या मात्रा मंद हाताच्या वाट्याला येतात. दोन वाटा आहेत. एक, डाव्या हाताच्या एका बोटाला फक्त मात्रांचं काम द्यायचं, तो हात तेवढाच वापरात राहतो. दुसरी, दोन्ही बाजू उजव्यानेच, लहान आकाराच्या कीबोर्डवर, म्हणजे हाताला लांब जावं लागत नाही. आठवडाभर दोन्ही करून बघा, तीच सांगेल. शिफ्ट धरून दुसरी कळ दाबणं जमत नसेल तर संगणकात स्टिकी कीज चालू करा, शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी लागू होते. बोट शेजारच्या कळीवर पडत असेल तर भोकं पाडलेली जाळी मिळते, कीबोर्डवर बसवायची. जोडाक्षराला हलन्ताची कळ जास्तीची लागते, तिथे मुलं वैतागतात. शब्द सुचवणारी सोय त्यासाठी ठेवा, पण सुरुवातीपासून नको, नाहीतर अक्षरं शिकण्याऐवजी पहिला दिसेल तो शब्द दाबायची सवय लागते.

बोलून टाइप करणं: तिचं बोलणं स्पष्ट आहे म्हणून घरी उत्तम. वर्गातल्या कलकलाटात चालत नाही, आणि शेजारच्या मुलांना उत्तरंही ऐकू जातात. परीक्षेत तर वेगळी खोली लागेल. म्हणून टायपिंग आत्ताच सुरू करा, रोज थोडं थोडं. पाचवी-सहावीत लेखन एकदम वाढतं, तेव्हा हातात काही तयार नसेल तर फार धावपळ होते. सुरुवातीला टायपिंग हस्ताक्षरापेक्षाही हळू असेल, तेव्हा "याचा उपयोग नाही" म्हणून कुणी बंद करू देऊ नका. पेन्सिल पूर्ण सोडू नका. नाव, आकडे, आकृतीला नावं देणं, एवढं हाताने हवंच.

तिरपी_रेघ

मला सीपी आहे, नोकरी करतो, हे उजव्या हाताच्या दोन बोटांनी टाइप करतोय. सगळ्यांनी सगळं सांगितलं, मदतनीसबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

माझ्या शेजारी शाळेत कित्येक वर्षं एक मावशी बसायच्या. अतिशय प्रेमळ. त्यांच्यामुळे मला कधी कुणी चिडवलं नाही आणि कधी कुणी खेळायलाही बोलावलं नाही. शिक्षक मला प्रश्न विचारायचेच नाहीत, मावशींना विचारायचे, "याचं झालं का?" पोरं गुपितं सांगायला जवळ यायची आणि मावशींना बघून परत फिरायची. माझं अडखळलेलं वाक्य त्या पूर्ण करायच्या. पुढे कॉलेजात गेल्यावर माझी वाक्यं मीच पूर्ण करायची असतात हे शिकायला मला फार त्रास झाला.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे माझ्या एकट्याचं नव्हतं. मायकल जियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली नेमकं यावर काम प्रसिद्ध केलं होतं. मोठं माणूस सतत चिकटून असलं की मूल वर्गमित्रांपासून तुटतं, मोठ्यांवर अवलंबून राहतं आणि वर्गशिक्षकाला ते आपलं मूल वाटेनासं होतं, असं त्यात आहे.

मदतनीस नको म्हणत नाही. स्वच्छतागृहाला, व्हीलचेअर ढकलायला, काही सांडलं तर लागतेच. पण ती वर्गाची मदतनीस असू द्या, मागे बसू द्या, दुसऱ्या मुलांच्याही वह्या बघू द्या. कुठल्या कामाला ती यायची आणि कुठल्या कामाला मुलीने हाक मारेपर्यंत थांबायचं, हे लिहून घ्या. पेन्सिल पडली तर शेजारची मैत्रीण उचलेल की.

आणि व्हीलचेअर. सगळी मोठी माणसं "चालवा, चालवा" म्हणतात. मधल्या सुट्टीत वॉकरने मैदानापर्यंत पोचेतो माझी सुट्टी संपायची. ज्या दिवशी खुर्चीतून गेलो त्या दिवशी खेळ बघायला आणि आरडाओरडा करायला वेळ उरायचा. विशेषबाई, तुम्ही शक्तीचं लिहिलंत ते सगळं पटलं, फक्त गोष्टीच्या तासाला स्टँडिंग फ्रेम हे मला नाही पटलं. त्या फ्रेममध्ये उभं असताना मी गोष्ट कधीच ऐकली नाही. पाय दुखण्याकडेच लक्ष असायचं.

विशेषबाई

तिरपी_रेघ, फ्रेमचा मुद्दा मान्य. उभं राहून दुखत असेल तर आधी फ्रेमचं माप आणि वेळ तपासायला हवी, आणि तासिका मुलीने निवडायची. काही मुलांना चित्र काढताना उभं राहायला आवडतं, काहींना कधीच नाही. मदतनीसबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी शाळांना वाचून दाखवीन.

ताई, भांडण नको म्हणालात म्हणून वाक्यं तयार देते, तुमच्या शब्दांत बदलून घ्या.

फिजिओसाठी: "थेरपी शक्यतो वर्गात किंवा वर्गाच्या नेहमीच्या हालचालींत. चित्रकला व खेळाच्या तासिका वगळून. सहा महिन्यांत उद्दिष्ट: वॉकरवरून वर्गातील खुर्चीत मदतीशिवाय बसणे."

लेखनासाठी: "फळ्यावरील मजकूर छापील स्वरूपात. भाषेची दीर्घ उत्तरे तोंडी, लेखनिकाद्वारे किंवा टाइप करून. परीक्षेत जादा वेळ, आणि त्याच पद्धतीचा सराव वर्षभर." हे शेवटचं विसरू नका. लेखनिकाला सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, विरामचिन्हांपासून सगळं बोलावं लागतं. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा लेखनिक मिळालेली हुशार मुलं गडबडलेली मी पाहिली आहेत.

मदतनीससाठी तिरपी_रेघांचाच परिच्छेद घ्या. आगीच्या वेळी तिला कोण आणि कुठल्या वाटेने बाहेर काढणार, तेही एका ओळीत हवं. बहुतेक आराखड्यांत ते नसतं.

कुणी "एवढ्या सवलती?" म्हणालं तर शांतपणे सांगा की अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा आहे आणि त्याचं २४वं कलम शिक्षणात प्रत्येकाच्या गरजेनुसार रास्त सोयी द्यायला सांगतं. पण बहुधा ते म्हणायची वेळ येणार नाही. चांगली माणसं आहेत म्हणालात, त्यांना दिवसाचा तो कागद दाखवा, बरंचसं काम तोच करेल. आणि बैठकीला मुलीला घेऊन जा. पूर्ण वेळ नाही, तिला सांगायचं तेवढं सांगेल आणि खेळायला जाईल.

कोरीपाटी

कागद करायला घेतलाय. नवराही बसलाय सोबत, फाटकापासूनची अंतरं त्यालाच जास्त माहीत निघाली, रोज सोडायला तोच जातो. चार तासांचा हट्ट सोडलाय त्याने, निदान आजपुरता.

ओटीताई, वर्गातल्या खुर्चीत तिचे पाय लोंबकळतात, आज बघून आले. पायाखाली साधा लाकडी पाट चालेल का, की खुर्चीच वेगळी लागेल?

ओटीवाली

पाट चालेल, पण तो सरकायला नको आणि दोन्ही पावलं एएफओसकट पूर्ण मावली पाहिजेत. खुर्चीची खोलीही बघा. मागे टेकून बसल्यावर गुडघ्याची मागची बाजू आणि खुर्चीची कड यांत दोन-तीन बोटं जागा हवी. जागाच नसेल तर ती पुढे घसरून बसणार, मग पाट देऊन उपयोग नाही, पाठीमागे घट्ट उशी लावावी लागेल. बाजूने एक फोटो काढून मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, लिहीत असतानाचा, चेहरा न दिसणारा. टेबलाची उंचीही मोजून लिहा.